गल्लीत निघालेली खिडकी

वामनराव गावंडे दिग्रसला छपरात घालायचे सागाचे फाटे आणायला गेले आणि खिडकी घेऊन परत आले, ही गोष्ट लोणाडीत पुढे कितीतरी वर्षं चघळली गेली. सांगणारा हसत सांगायचा, ऐकणारा हसत ऐकायचा. शकुबाई, म्हणजे वामनरावांची बायको, त्या दिवशी हसल्या नव्हत्या. त्यांच्या घराची मागची भिंत पावसाळ्यात बसली होती, गोठ्याच्या आढ्याला वाळवी लागली होती, आणि ढोरं उघड्यावर बांधलेली होती.

यवतमाळ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनाचा मालक बदलला होता. नव्या मालकाला गठाणी ठेवायला गोदाम हवं होतं, आणि जिनाच्या आवारातला जुन्या साहेबाचा बंगला नेमका आडवा येत होता. तो पाडायला काढला. बंगल्यातलं सागवान स्वस्तात निघतंय अशी खबर बाजारातून लोणाडीत आली, तेव्हा वामनरावांनी शेजारच्या तांड्यावरच्या लखीराम राठोडची बैलबंडी सांगितली आणि दोघं पहाटेच निघाले.

हा बंगला शकुबाईंनी कधी पाहिला नव्हता, पण ऐकून ऐकून त्यांना तो पाठ होता. कापसाच्या दिवसांत जिनासमोर बंड्यांची रांग लागे. एकेकदा दोन-दोन दिवस वजनकाट्याची पाळी येत नसे. मग पाहायला समोर दुसरं काय? वामनराव पोरवयापासून त्या बंगल्याकडेच पाहत बसलेले. घरी आले की सांगायचे. छप्पर इतकं उभं की त्याच्यावर शेळीसुद्धा ठरायची नाही. छपराच्या कडेला खालपर्यंत लाकडाची झालर, पोळ्याच्या बैलाच्या झुलीला असते तशी. व्हरांड्याचे खांब पलंगाच्या पायांसारखे खरादीवर काढलेले. एका कोपऱ्याला गोल बुरूज, त्याच्यावर टोकदार टोपी, आणि त्या बुरुजात म्हणे कोणी राहतच नसे, नुसता शोभेचा. वैशाखात जिथं कावळे चोच उघडी टाकून बसतात त्या गावात घराला शेकोटीचं धुराडं. राणीच्या राज्यात कोण्या साहेबानं आपल्या देशातल्या घराची याद काढून तो बांधला, असं जुने लोक सांगत. जेवायची खोली वेगळी, बसायची वेगळी, आणि नोकरांनी वर जायचा जिना मागून वेगळा. शकुबाई जात्यावर बसल्या बसल्या हे सगळं ऐकत आणि जातं थांबू देत नसत.

दिवस मावळायच्या आधी बंडी दारात आली. बंडीत कडबा खच्चून भरलेला होता आणि कडब्यात, नवरीला पालखीत बसवावं तशी, दोरखंडांनी बांधलेली एक भली मोठी लाकडी चौकट होती. एक नव्हे, एकमेकींना कोनात जोडलेल्या तीन. खालच्या तावदानांना साध्या काचा, वरच्या ओळीला लाल, हिरव्या, निळ्या. खाली जाड फळीचा बाक.

शकुबाईंनी बंडीभोवती एक चक्कर मारली.

"फाटे कोठी हायत?"

"फाटे गेले," वामनराव म्हणाले. "आमी जायाच्या आंधी दुसऱ्यानं उचलले. जे राह्यलं होतं ते आणलं."

लखीराम बैलांची जुपणी सोडत राहिला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यावरूनच शकुबाईंना काय ते समजलं. पुढच्या बाजाराला त्यानं स्वतःच सांगून टाकलं, "बाई, खोटं कायले बोलू? फाट्याचा ढीग पडला होता. भाऊनं तिकडे पाह्यलंच नाही."

पोरगा केशव झोपल्यावर रात्रीचं जेवण वाढताना त्या म्हणाल्या, "ढोरं का त्या काचंमांगं बांधाचे?"

वामनरावांनी घास खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं ते असं, की बंगल्याचं छप्पर उतरवून झालं होतं. भिंती उभ्या होत्या, वर आभाळ. वामनराव फाटे पाहायला आत गेले. जन्मात पहिल्यांदा आत गेले. ज्या खिडकीत त्यांच्या पोरवयात साहेबाची मडम बसलेली दिसायची ती खिडकी भिंतीच्या बाहेर पोटासारखी निघालेली होती. आतल्या बाजूनं ते तिच्या बाकावर टेकले.

"अवं, तथी बसलं का फाटक दिसते, काटा दिसते, अन बंड्याची सारी रांग दिसते. मान वळवाचं काम नाही. आमाले वाटे का मडम मान खाली घालून विणकाम करून राह्यली. ते सारं पाहत होती, केशवची माय. वजन वाढाले ज्यानं कापसाच्या गठुड्यात पाणी मारलं ते बी पाहत असन."

"मंग आपल्याले कोनावर पाळत ठेवाची हाय?" शकुबाईंनी विचारलं.

वामनरावांनी उरलेली भाकर ताकात कुस्करली. ते जेवून उठले.

घर सपाट धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. गल्लीकडच्या भिंतीला वाऱ्यापुरते दोन झरोके, तेही डोक्याच्या वर. गावातल्या सगळ्याच घरांना तसे. गवंडी आला, त्यानं खिडकी पाहिली, भिंत पाहिली आणि डोकं खाजवलं. मातीच्या भिंतीला हे वजन पेलणार नाही म्हणाला. शेवटी खालून विटांचा चौथरा चुन्यात बांधून काढला, त्याच्यावर खिडकी उभी केली, वर कवेलूचं छोटं छप्पर घातलं. तीन तोंडांची खिडकी घराच्या बाहेर, गल्लीत दीड-दोन हात निघाली. घरात पडून असलेल्या पळसाच्या लाकडांवर तुराट्या टाकून ढोरांची सोय झाली ती झाली.

खिडकी पाहायला अख्खा गाव आला. समोरच्या घरचे बबनराव देशमुख आपल्या ओट्यावर पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी तिथूनच हाक दिली, "वामनराव, घराले पोट आलं बाप्पा. कितवा महिना हाय?"

हे वाक्य गावभर झालं. वामनरावांनी ते हसण्यावारी नेलं. शकुबाईंना मात्र पाण्याला जाता येता ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी आपलं एक जुनं लुगडं दुहेरी करून तिन्ही तोंडांना पडदा लावून टाकला. घरची बाई गल्लीवर काचेत बसलेली दिसावी, असं त्यांच्या सासर-माहेरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. माहेर नेरकडचं, तिथंही झरोकेच. पडद्यामागं बाकावर त्यांनी तुरीच्या डाळीचं मडकं ठेवलं आणि ती सगळी संक्रांत, होळी तशीच गेली. वामनराव पडद्याकडे पाहत आणि चुना लावून तंबाखू मळत. हा माणूस भांडणारा नव्हता. तो फक्त हट्टी होता.

शकुबाईंना वाकळी शिवण्याचा नाद होता. जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक धावदोरा घालत, कडेपासून मध्याकडे. त्यांची वाकळ जड होत नसे आणि धुतली तरी आतला थर गोळा होत नसे, म्हणून भावकीतल्या बायका बाळंतपणाच्या आधी त्यांच्याकडे लुगडी आणून टाकत. पण घरात उजेड नाही. अंगणात बसावं तर ऊन, कोंबड्या आणि वाऱ्यानं उडणारं कापड.

चैत्रातल्या एका दुपारी गाव वावरात होता. गल्लीत कुत्रंही नव्हतं. शकुबाईंनी मडकं उचलून खाली ठेवलं, पडद्याचं एक टोक खोचलं आणि बाकावर वाकळ पसरली. पहिल्यांदा त्यांना रागच आला. वरच्या काचांतून लाल-हिरवे डाग कापडावर पडत होते, आणि कुठला तुकडा कुसुंबी, कुठला हिरवा हेच समजेना. मग त्या सरकून खालच्या साध्या काचेपाशी बसल्या. तिथं उजेड असा निखळ होता की दोरा न् दोरा मोजता यावा. ऊन फिरलं तशा त्या बाकावर फिरल्या. सकाळी उगवतीच्या तोंडाशी, दुपारी मधल्या, दिवस कलला की मावळतीच्या. त्या दिवशी जेवढी शिवण झाली तेवढी एरवी आठवडाभरात होत नसे. संध्याकाळी लोक परतायच्या आत त्यांनी पडदा सोडला.

असं काही दिवस चोरून चाललं. मग एकदा पडदा सोडायचा राहिला, त्याला कोणी काही म्हटलं नाही, आणि हळूहळू तो वर गेला तो खाली आलाच नाही.

मंगळवारी दिग्रसचा बाजार. लखीराम बंडी घेऊन जायचा तेव्हा त्याची बायको जमनी तांड्यावरून लोणाडीपर्यंत त्याच्यासोबत यायची आणि परतीच्या बंडीची वाट पाहत कुणाच्यातरी ओट्यावर बसून राहायची. तिच्या हातात नेहमी काचोळीचं, म्हणजे लमाणी चोळीचं, कापड, त्याच्यावर आरशांचं काम चाललेलं. एका मंगळवारी शकुबाईंनीच तिला हाक मारली.

"जमनी, उन्हात डोळे कायले फोडतं? आत ये."

जमनी आत आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. आरशांवर उजेड पडला आणि माळवदाला चांदण्या लागल्या. केशव त्या पकडायला उड्या मारू लागला. जमनी हसली. म्हणाली, "बाई, तुमच्या त्या बंगल्याची झालर आमच्या तांड्यात हाय, मालूम हाय का?"

"झालर?"

"लकडीची. मालकानं आमच्यावाल्याले फुकटात देल्ली, जाळाले. पन रंग लागला हाय ना, धूर लय कडू येते. मंग म्या बकऱ्याले कुंपन केलं." ती पोट धरून हसायला लागली. "बकऱ्या राणीवानी राहतेत!"

त्या दिवसापासून मंगळवार ठरला. लमाणाची बाई घरात बाकावर बरोबरीनं बसते, यावर थोडी कुजबुज झाली. शकुबाईंच्या चुलत सासूनं तर येऊन विचारलंच. शकुबाई म्हणाल्या, "बाक का माझा हाय? साहेबाचा हाय. त्यानं काई बाटत नाही." चुलत सासू पदर सावरून निघून गेली. जमनीनं शकुबाईंना कडेचा घट्ट टाका शिकवला. त्यानं वाकळींची धार फाटेनाशी झाली, आणि आजूबाजूच्या गावांतूनही लुगडी येऊ लागली. देणारी कोणी पायलीभर ज्वारी द्यायची, कोणी पोतडीभर हरभरा. हौसेनं वामनराव म्हणायचे, आमच्या खिडकीचं पीक.

याच सुमाराला पंचायतीची नवी निवडणूक झाली आणि बबनराव निवडून आले.

बबनरावांना खिडकीचा त्रास होता, हे खरं. तो त्रास नेमका कोणता, हे त्यांनी कधी तोंडानं काढलं नाही. त्यांच्या घराचं दार खिडकीच्या अगदी समोर. दारात कोण आलं, कोण गेलं, सुनेला कोणत्या कामावरून सासूनं झापलं, हे सगळं काचेतून दिसे. शकुबाई कुणाच्या घरातलं बाहेर बोलणाऱ्या नव्हत्या. पण दिसत होतं, आणि दिसतंय हे बबनरावांना माहीत होतं. बोलायला कारण वेगळं मिळालं. कापूस निघून गेल्यावर बबनरावांची पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांनी, लादलेली बंडी गल्लीतून वळत होती. पऱ्हाटीचे फाटे खिडकीच्या कोपऱ्यात अडकले, बैल बुजले, आणि एक हिरवी काच खळ्ळकन खाली आली. एका बैलाच्या खांद्याला जखम झाली.

पंचायत मारुतीच्या पारावर बसली. दोरीनं गल्ली मोजली. बबनराव उभे राहिले. "गल्ली गावाची हाय. ज्याले खिडकी पाह्यजे त्यानं आपल्या घरात लावावी. उद्या म्या बी बुरूज काढतो रस्त्यावर, चालन का?"

लोक हसले, पण मान डोलावली. बोलणं चुकीचं नव्हतंच. खिडकी गल्लीत निघालेली होती, हे दोरीही सांगत होती. पुढच्या पेरणीच्या आत ती काढून घ्यावी असं ठरलं.

वामनराव घरी आले ते थेट खाटेवर पडले. दुसऱ्या दिवशी सुतार म्हणाला, खिडकी काढून सपाट भिंतीत बसवता येईल, पण तीन तोंडं एका रेषेत आणायची तर कोन कापावे लागतील, बाक जाईल, आणि बाजूची तोंडं मग कुणाकडेच पाहणार नाहीत. वामनराव म्हणाले, मग जाळूनच टाका. त्यांनी दोन वेळा जेवण टाकलं.

शकुबाईंना हा सगळा वेळ हातातली वाकळ पुरी करायची होती. ज्या बाईसाठी ती होती तिचे दिवस भरत आले होते. त्या बाकावर बसून धावदोरा घालत होत्या आणि मधेच नजर वर करून बैठकीकडे पाहत होत्या. बैठक म्हणजे खिडकीला लागूनची, गल्लीकडची लांबोळकी खोली, तिच्या पुढं ओटा. तिथं वामनरावांचे लोक बसायचे. तंबाखू, पाऊसपाणी, कापसाचा भाव. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी वामनरावांपुढं ठेवून त्या म्हणाल्या,

"अवो, खिडकी सपाट भिंतीत नाही बसत ना?"

"नाही."

"मंग भिंत मांगं घ्या."

वामनराव उठून बसले.

"ओटा मोडा. समोरची भिंत पाडा, अन जेवढी खिडकी बाहेर हाय तेवढी आत बांधा. खिडकीचं तोंड जुन्या भिंतीच्या रेघेवर यीन. गल्ली गावाले. खिडकी आपल्याले."

"अन बैठक?"

"बैठकीत दोघं बसतीन. तिसरा आला तं पारावर जाईन."

त्या घरात ओटा मोडणं म्हणजे काय, हे लोणाडीतल्या कुणालाही सांगायला नको. ओट्यावरून माणूस ओळखला जातो. वामनरावांच्या आज्यानं तो ओटा घातला होता. त्यांनी चहा प्यायला, बशी पालथी ठेवली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. दुपारी लखीरामकडे निरोप गेला, बंडी घेऊन ये, माती वाहायची आहे.

काम उन्हाळाभर चाललं. ओटा फुटला, भिंत उतरली, आतल्या बाजूला नवी उभी राहिली, आणि आत नवा चौथरा बांधून खिडकी त्याच्यावर सरकवली. सरकवताना दहा-बारा माणसं लागली. हाताला हात द्यायला खुद्द बबनरावही आले. शेजाऱ्याच्या घरचं काम म्हटल्यावर येणं भाग होतं. खिडकी आता जुन्या भिंतीच्या रेषेत आली. तिच्या पुढं गल्ली पूर्वीइतकीच मोकळी झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीत दोन कोनाडे पडले, माणूस बसेल एवढे. पंचायतीनं पुन्हा दोरी धरली. दोरी खिडकीला टेकली नाही. प्रकरण मिटलं.

ते कोनाडे कुणाचे, हे मात्र कधीच ठरलं नाही. जागा वामनरावांची, पण उघडी गल्लीकडे. सकाळी तिथं शेळ्या बसत. उन्हं तापली की सावलीला माणसं बसू लागली. यष्टीची वाट पाहणारे, बाजारातून आलेले, आणि नंतर नंतर बबनरावही, कारण त्यांच्या ओट्यावर दुपारी ऊन येई. ते एका कोनाड्यात बसत, वामनराव दुसऱ्यात. मधे खिडकी. दोघं एकमेकांना दिसत नसत, बोलणं मात्र चालायचं, आणि ते सगळं काचेच्या आत शकुबाईंना ऐकू जायचं. एकदा बबनराव म्हणाले, "वामनराव, ओटा मोडून तुमी काय कमावलं?" वामनराव म्हणाले, "तुमाले सावली."

बबनरावांच्या सुनेला पुढं दिवस गेले. तिच्या सासूनं चार लुगडी गुंडाळून खिडकीत आणून दिली. शकुबाईंनी ती वाकळ इतरांच्या वाकळींसारखीच शिवली, कमीही नाही, जास्तही नाही.

महाराष्ट्र झाला, गावात शाळेची पक्की इमारत झाली. लोणाडीतल्या दोन-तीन घरांनी गल्लीकडे खिडक्या काढल्या. साध्या, सपाट, लाकडी गजांच्या. पोटवाली खिडकी ती एकच राहिली. बाहेरगावचा माणूस वामनराव गावंड्यांचं घर विचारी तेव्हा लोक म्हणत, खिडकीवाल्या शकुबाईकडं जायचं का? आपलं नाव असं बायकोच्या मागं गेलं, हे वामनरावांना कधी लागलं का, ते कळायला मार्ग नाही. खिडकी त्यांनी स्वतःला बसायला म्हणून आणली होती. ती एकदा बायकांची जागा झाल्यावर दिवसाउजेडी त्यांना तिथं बसताच आलं नाही. शकुबाई माहेरी जात तेव्हा ते बसत असावेत. कारण त्या परत आल्या की मधल्या तोंडाच्या चौकटीवर तंबाखूच्या चुन्याचं बोट पुसलेलं असायचं. शकुबाई ते ओल्या फडक्यानं पुसून टाकत आणि विचारत नसत.

फुटलेल्या हिरव्या काचेच्या जागी तेलाचा कागद लावला होता, पुढं पत्रा बसला. बऱ्याच वर्षांनी मावळतीच्या तोंडाला वाळवी लागली तेव्हा सुतारानं ते काढून तिथं गज ठोकले. त्या बाजूनं वारा येऊ लागला, पावसाचे सपकारेही. शकुबाईंनी संध्याकाळचं शिवणं बंद केलं. तोवर डोळेही साथ देईनासे झाले होते. टाका अजून सरळ पडे, हाताला सवय होती, पण सुईचं नेढं दिसेना. केशवला दोरा ओवायला सांगावं तर तो वावरात, सून आली होती ती नवी, तिला सारखं कसं सांगायचं.

जमनीच्या हे एका मंगळवारी ध्यानात आलं. शकुबाई सुई डोळ्यांजवळ धरून दोरा पुन्हा पुन्हा ओठांनी ओला करत होत्या. जमनीनं सुई त्यांच्या हातून घेतली आणि दोरा ओवून दिला. मग डबीतल्या बाकीच्या सुया बाहेर काढल्या, एकेकीत लांब दोरा ओवला, आणि कापसाच्या उशीत ओळीनं टोचून ठेवल्या.

"हे संपले तं थांबाचं," ती म्हणाली. "म्या येतो तवा पुन्हा."

शकुबाईंनी उशी बाकावर आपल्या उजव्या हाताशी ठेवली आणि पहिली सुई काढून वाकळीच्या कडेला लावली. बाहेर लखीरामनं बंडी उभी केली होती, बैल शेपट्या उडवत होते. जमनी अजून थोडा वेळ बसली.